निदान सापडत नसेल तेव्हा: मेंदू आणि नसांच्या तक्रारींचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा

हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, हात थरथरतो, मधूनच जीभ जड होते. तपासण्या होतात, आणि "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे ऐकून माणूस तसाच घरी येतो. मग दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, शेजाऱ्यांनी सुचवलेलं एखादं औषध, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सगळं. रुग्णांच्या फायली लावून देण्याचं काम मी करते. त्यातल्या बहुतेक फायलींत पैसे भरपूर खर्च झालेले असतात, मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात, पण क्रम उलटा झालेला असतो. एमआरआय सगळ्यात आधी, अंगाला हात लावून केलेली तपासणी नंतर, आणि आजार कसा सुरू झाला याची नीट हकीकत कुठेच नाही.

हा लेख तो क्रम सरळ लावण्यासाठी आहे. निदान डॉक्टरच करतील. त्यांच्यासमोर बसण्याआधी, बसल्यावर आणि बाहेर पडल्यावर तुम्ही काय करायचं, तेवढं इथे आहे.

## टप्पा १: आजच्या आज न्यायचं आहे का, ते आधी ठरवा

पुढचे सगळे टप्पे सावकाश चाललेल्या तक्रारींसाठी आहेत. खालच्यापैकी काहीही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि निघा.

- तोंड एकीकडे वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं. हा पक्षाघात आहे असंच धरून चाला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ लिहून घ्या. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असेल अशाच रुग्णालयात न्या. घरात ॲस्पिरिन देऊ नका; आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी दाखवा.
- पायांपासून वर चढत जाणारी, दिवसागणिक वाढणारी कमजोरी. जुलाब किंवा तापानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी ती सुरू होऊ शकते. हा जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते) असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. गिळताना ठसका लागणं, आवाज बारीक होणं, एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता न येणं ही श्वासाचे स्नायू थकल्याची खूण आहे. आयसीयू असलेलं रुग्णालयच गाठा.
- कंबरदुखीबरोबर लघवी अडकणं किंवा नकळत होणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा.
- क्षणात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप, मान आखडणं आणि गुंगी एकत्र असणं. एका डोळ्याची नजर एकाएकी जाणं.
- पाच मिनिटांहून लांबलेली फिट, किंवा शुद्धीवर येण्याआधीच आलेली दुसरी फिट.

सावधान: फिट आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आणि दुसऱ्या कुणाला तरी फोनवर चित्रण करायला सांगा.

## टप्पा २: आजाराची हकीकत एका कागदावर आणा

हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणाराही हाच. न्यूरोलॉजिस्ट (मेंदू आणि नसांचा डॉक्टर) निदानाची दिशा बहुतेक वेळा तुमच्या बोलण्यावरून ठरवतो. हातोडी आणि मशीन त्यानंतर येतात. गर्दीच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला दहा मिनिटं आली, आणि त्यातली सहा "आधी कुठे दाखवलं होतं" यात गेली, तर दिशा चुकायला वेळ लागत नाही.

पहिली चूक म्हणजे तक्रारीऐवजी निष्कर्ष सांगणं. "नस दबली आहे", "मेंदूला रक्तपुरवठा कमी पडतो", "बी-१२ कमी आहे" ही वाक्यं कुणीतरी आधी म्हणालेली असतात आणि रुग्ण ती पुढे नेतो. त्याऐवजी काय जमेनासं झालं ते सांगा. रोजच्या हालचालींत निदानाचे धागे असतात.

चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं, तर तळव्याची संवेदना कमी झाली आहे. चप्पल निसटत नाही पण पुढचं टोक जमिनीला घासतं, ठेच लागते, तर पाऊल वर उचललं जात नाही किंवा पाय कडक झाला आहे. अशी एकाच बाजूने झिजलेली चप्पल असेल तर तीच घालून दवाखान्यात जा. बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की झोक जातो, अंधारात चालताना भिंत धरावी लागते, तर पाय कुठे आहेत ही खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. उकिडवं बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, फळीवरचा डबा काढताना हात वर जात नाही, तर मांड्या आणि खांद्यांचे स्नायू अशक्त आहेत. सदऱ्याची बटणं, ब्लाऊजचे हूक, साडीच्या निऱ्या, भात कालवणं जमत नाही, तर दोष पंजाकडच्या भागात किंवा मानेत असू शकतो. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्यांनी जागं करतात आणि हात झटकला की बरं वाटतं, तर मनगटात नस दबली असण्याची शक्यता मोठी. असं एक-एक वाक्य डॉक्टरला दोन पानी रिपोर्टपेक्षा जास्त सांगतं.

"चक्कर येते" एवढ्यावर थांबू नका. घर गरगर फिरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोकं ठीक असून पाय ठरत नाहीत? तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे रस्तेही वेगळे आहेत. तसंच "हात बधिर झाला" म्हणताना स्पर्श कळत नाही की जोर लागत नाही, हे वेगवेगळं लिहा.

दुसरी गोष्ट काळ. क्षणात सुरू झालं, काही दिवसांत वाढलं, की महिनोन्महिने सरकत आलं? क्षणात आलेलं दुखणं बहुधा रक्तवाहिनीकडे बोट दाखवतं, दिवसांत वाढलेलं सूज किंवा संसर्गाकडे, महिन्या-वर्षांत वाढलेलं जीवनसत्त्वाची कमतरता, दाब किंवा झिजेकडे. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापण्या मिटायला लागतात, जेवताना जबडा थकतो, असं असेल तर मायस्थेनियाचा, म्हणजे वापरल्यावर स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचा, विचार होतो. त्यासाठी सकाळ-संध्याकाळचे चेहऱ्याचे दोन फोटो फार उपयोगी पडतात, कारण ओपीडी सकाळी असते आणि तेव्हा चेहरा चांगला दिसतो.

कागद कसा असावा याचा एक नमुना:

> वय ५२, शिवणकाम. शाकाहारी. मधुमेह ९ वर्षं, मेटफॉर्मिन चालू.
> जून: दोन्ही तळव्यांना मुंग्या, आधी रात्री, मग दिवसभर.
> सप्टेंबर: चप्पल निसटते, कळत नाही. तोंड धुताना तोल जातो.
> नोव्हेंबर: सुईत दोरा ओवता येत नाही. दोनदा पडले, शुद्ध गेली नाही.
> लघवीची घाई होते. शौचाची तक्रार नाही. नजर ठीक.
> सगळ्यात जास्त अडचण: जिना उतरणं.

एवढंच. यात कुठल्या डॉक्टरांनी काय म्हटलं ते नाही. ते मागच्या पानावर, तारखांसह.

औषधांची यादी याच कागदाला जोडा. पाकिटंच पिशवीत घालून नेलीत तर उत्तम, कारण गोळीचं नाव एक आणि आतलं औषध दुसरं असतं. पित्ताच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं, चक्करेच्या गोळ्यांत सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड. ही औषधं बराच काळ घेतली तर हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा भावशून्य होणं असं हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र तयार होऊ शकतं. "पित्ताची गोळी काय सांगायची" म्हणून ती यादीतून गळते आणि आजी-आजोबांना पार्किन्सनची औषधं सुरू होतात. दम्याची औषधं आणि फिट्ससाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएटही हात थरथरवतात. क्षयाच्या औषधांतलं आयसोनियाझिड नसांना त्रास देऊ शकतं. "नसांच्या ताकदीच्या" गोळ्यांतलं बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर मुंग्या त्यानेच येतात. भस्मं आणि पुड्याही सांगा. त्यांत शिसं किंवा पारा असेल तर तपास तिकडे वळवावा लागतो.

शेवटी तीन गोष्टी, ज्या घरातल्यांसमोर सांगितल्या जात नाहीत: दारू, लैंगिक तक्रारी, लघवीवरचा ताबा. या तिन्हींनी निदान बदलतं. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा, डॉक्टरला त्याचं नवल वाटत नाही.

सावधान: यादीत एखादं औषध दिसलं म्हणून ते स्वतःहून बंद करू नका. फिट्सची औषधं आणि स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

तपासून घ्या: कागद घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या जो रोज तुमच्याबरोबर नसतो. सुरुवात कधी झाली, कुठून झाली आणि आता काय जमत नाही, हे त्याला सांगता आलं तर कागद तयार आहे.

## टप्पा ३: साध्या रक्ततपासण्या, आणि त्याही औषधं सुरू करण्याआधी

नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिशियनकडे जा. तक्रारीनुसार ते सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या सांगतील. गरज वाटली तर एचआयव्ही आणि सिफिलिसचीही. शेवटच्या दोन तपासण्या म्हणजे तुमच्या चारित्र्यावरचा संशय नव्हे. हे आजार मज्जासंस्थेत शिरतात आणि त्यांवर उपचार आहेत, म्हणून त्या विचारतात.

इथली सर्रास होणारी चूक म्हणजे मुंग्या आल्या की मेडिकलमधून बी-१२ च्या सुया टोचून घेणं. सुई घेतल्यावर रक्तातली पातळी पुढचे काही आठवडे, कधी महिने भरपूर दिसते आणि खरी कमतरता होती का हे कळायचा रस्ता बंद होतो. आधी रक्त द्या, मग सुई घ्या. शाकाहारी माणसं, मेटफॉर्मिन घेणारे आणि वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेणारे यांच्यात ही कमतरता नेहमी आढळते. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही बी-१२ अभावी मज्जारज्जूला इजा होऊ शकते. पातळी काठावर आली तर होमोसिस्टीनची (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) तपासणी करून घ्यावी का, ते डॉक्टरांना विचारा. सुया घेऊन झाल्या असतील तर तसं स्पष्ट सांगा, तारखेसह. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, करंगळी वाकडी होत चालली आहे, असं असेल तर तो चट्टा नक्की दाखवा. कुष्ठरोग महाराष्ट्रातून गेलेला नाही. हा नसांचा आजार आहे, वेळेवर औषध घेतलं तर पूर्ण बरा होतो, आणि औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. चट्टा पाठीवर किंवा मांडीवर असतो आणि बायका तो दाखवायला संकोचतात. एवढ्यामुळे हात कायमचा अधू झालेला पाहणं फार वेदनेचं आहे.

## टप्पा ४: योग्य डॉक्टर निवडा आणि त्यांना तपासू द्या

"न्यूरो" म्हटलं की अनेक जण थेट सर्जनकडे जातात. निदान न झालेल्या तक्रारींसाठी आधी न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे आपण ज्यांना न्यूरोफिजिशियन म्हणतो ते. नावापुढे डीएम न्यूरोलॉजी किंवा डीएनबी, डीआरएनबी न्यूरोलॉजी असं असतं. एमसीएच न्यूरोसर्जरी हे शस्त्रक्रिया करणारे. गाठ, रक्तस्राव, मणक्यातला दाब दिसला तर त्यांच्याकडे जायचंच आहे, पण नंतर.

मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि बेंगळुरूचं निमहान्स इथे कमी खर्चात तज्ज्ञ भेटतात. सरकारी रुग्णालयात निघण्याआधी न्यूरोलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा, आणि पुढच्या खेपेला त्याच युनिटच्या वारी जा. वार चुकला की नवे डॉक्टर, नवी हकीकत. जुना केसपेपर जपा.

पहिल्या भेटीत सैल कपडे घाला, पाय उघडे करता येतील असे. डॉक्टर चालायला लावतील, टाचांवर आणि चवड्यांवर उभं करतील, डोळे मिटायला सांगतील, हातोडीने गुडघे ठोकतील, तळव्यावर ओरखडा काढतील, कंप पावणारा चिमटा घोट्यावर टेकवतील. या तपासणीतून दोष मेंदूत, मज्जारज्जूत, नसेत, की स्नायूत, हे ठरतं. स्कॅन कुठला काढायचा ते त्यानंतरच कळतं.

तपासून घ्या: बाहेर पडताना स्वतःला विचारा: अंगाला हात लावून तपासणी झाली का? झाली नसेल आणि हातात तीन स्कॅनची चिठ्ठी असेल, तर आत परत जाऊन नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, एकदा चालून दाखवू का?" बहुतेक डॉक्टर थांबतात आणि बघतात.

## टप्पा ५: तपासण्या, एकेक प्रश्नासाठी

प्रत्येक तपासणीआधी विचारा की यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळेल.

एमआरआय. सगळ्यात मोठी चूक जागेची. पाय जड आणि कडक, त्यात हाताला बटणंही लागत नाहीत, आणि काढला जातो कमरेचा एमआरआय. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. दोष मानेत किंवा पाठीत असेल तर कमरेच्या चित्रात तो ठळक दिसणार नाही. उलट तिथे "डिस्क बल्ज" (मणक्यांमधली चकती थोडी फुगणं) सापडतो, जो चाळिशीनंतर काही त्रास नसलेल्या माणसांतही नेहमी दिसतो, आणि सगळं खापर त्यावर फुटतं. म्हणून स्वतःहून, सवलतीच्या पॅकेजमध्ये एमआरआय करून घेऊ नका. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, शरीरातली जुनी क्लिप किंवा डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण असेल तर आधी सांगा. मंगळसूत्र, नथ, सेफ्टी पिना घरीच ठेवा. बंद जागेची भीती वाटत असेल तर आदल्या दिवशी सांगा, औषध देता येतं. रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरला कागदापेक्षा मूळ चित्रं हवी असतात. ऑनलाइन लिंक मिळाली तर चित्रं लगेच उतरवून ठेवा, ती काही काळाने बंद होते.

ईईजी. मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. डोकं धुऊन, तेल न लावता जा. एक ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट्स नाहीत असं ठरत नाही. फिट्सच्या अनेक रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मलच असतो. फोनवरचं फिटचं चित्रण इथे खरी मदत करतं. त्यात डोळे उघडे की मिटलेले, कुठल्या अंगाने सुरुवात झाली आणि किती वेळ चाललं, हे दिसू द्या.

एनसीव्ही आणि ईएमजी. नसेला विजेचे बारीक झटके आणि स्नायूत सुई. दुखतं, पण सोसण्याजोगं. अंगाला तेल किंवा क्रीम लावू नका, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सांगा. नसेच्या ताज्या आजारात, जीबीएसमध्येसुद्धा, पहिल्या आठवड्यात ही तपासणी नॉर्मल येऊ शकते आणि पुन्हा करावी लागते.

पाठीतलं पाणी काढणं. याने माणूस लुळा पडतो ही भीती गावोगाव आहे, आणि या भीतीपायी मेंदूच्या क्षयाचं किंवा सुजेचं निदान लांबतं. सुई जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू नसतोच, तो वरच संपलेला असतो. नंतर एक-दोन दिवस, क्वचित जास्त, डोकं दुखू शकतं, उठल्यावर अधिक. हे पाणी क्षय, संसर्ग, मल्टिपल स्क्लेरोसिस, जीबीएस अशा अनेक प्रश्नांना उत्तर देतं. डॉक्टर नेमकं काय शोधताहेत ते विचारा आणि नकार द्यायची घाई करू नका.

पैशांबद्दल थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ठरावीक उपचारांसाठी, भरती झाल्यावर लागू होते. ओपीडीतले स्कॅन त्यात सहसा बसत नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. मेडिक्लेममध्ये फक्त तपासण्यांसाठी भरती झालात तर दावा बहुधा नाकारला जातो. "ॲडमिट व्हा, म्हणजे क्लेम होईल" या सल्ल्यावर विसंबण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

## टप्पा ६: "रिपोर्ट नॉर्मल आहेत" याचा अर्थ लावा

नॉर्मल रिपोर्टने फक्त एवढंच सांगितलं की, त्या तपासणीत दिसणारे आजार दिसले नाहीत. पार्किन्सनचं निदान डॉक्टर तपासून करतात, साधा एमआरआय त्यात बहुधा नॉर्मलच असतो. अर्धशिशीचंही तसंच. काही आजार सुरुवातीला कुठल्याच चित्रात उमटत नाहीत आणि सहा महिन्यांनी स्पष्ट होतात. अशा वेळी "आता थांबून बघू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू" हाही उपचाराचाच भाग असतो. त्या तीन महिन्यांत डॉक्टर बदलला, तर आधी आणि नंतरची तुलना करणारं कुणी उरत नाही.

फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर या निदानाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण ते ऐकून सर्वांत जास्त माणसं डॉक्टर सोडून जातात. यात मेंदूची रचना शाबूत असते, काम बिघडतं. हातपाय लुळे पडतात, चाल बिघडते, फिटसारखे झटके येतात, आणि ते खरे असतात. रुग्ण काहीही मुद्दाम करत नसतो. हे निदान "काही सापडलं नाही म्हणून" करायचं नसतं, त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. उदाहरणार्थ, पाय मुद्दाम खाली दाबायला सांगितला तर जोर लागत नाही, पण दुसरा पाय वर उचलताना तोच पाय आपोआप जोर लावतो. डॉक्टरांना म्हणा, "कोणत्या खुणेवरून हे ठरवलंत, मला दाखवा." रुग्णाने ती खूण स्वतः पाहिली की निदान पटायला मदत होते. उपचार विशेष प्रकारची फिजिओथेरपी आणि मानसोपचारांनी होतात.

घरच्यांनी "नाटक करते", "बाहेरचं आहे" म्हणून या माणसांना, बहुतेकदा सुनांना आणि मुलींना, मांत्रिकाकडे नेणं थांबवायलाच हवं. मनावरचा ताण असह्य झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो.

सावधान: डॉक्टरांनी आपल्याला न तपासताच, फक्त रिपोर्ट नॉर्मल म्हणून "टेन्शन आहे" असं सांगितलं तर ते निदान झालं नाही. अशा वेळी दुसरं मत घ्या.

## टप्पा ७: विश्वास ठेवायचा की दुसरं मत घ्यायचं

डोळे मिटून विश्वास आणि प्रत्येक गोळीवर संशय, दोन्हींत रुग्णाचंच नुकसान होतं. विश्वास ठेवायला आधार लागतो, आणि तो पाच प्रश्नांतून मिळतो:

1. दोष कुठे वाटतो: मेंदू, मज्जारज्जू, नस की स्नायू?
2. दोन-तीन शक्यता कोणत्या, आणि त्यांतली सगळ्यात गंभीर वगळली गेली का?
3. ही तपासणी वेगळी आली तर उपचार बदलेल का?
4. या औषधाचा गुण किती दिवसांत दिसायला हवा?
5. काय झालं तर मी तारखेआधी यायचं?

पाचही उत्तरं एका भेटीत मिळणार नाहीत. पहिल्या दोन भेटींत निम्मी मिळाली तरी चांगलं. "अजून नक्की सांगता येत नाही, पण हे आणि हे नाही" असं म्हणणाऱ्या डॉक्टरवर मी जास्त विश्वास ठेवीन. खात्रीने बरं करण्याची हमी देणारा, औषधाचं नाव न सांगणारा, कागद द्यायला नकार देणारा डॉक्टर असेल तर सावध व्हा. स्टेमसेलचं (मूळपेशींच्या उपचारांचं) पॅकेज विकणाऱ्यांपासून तर दूरच राहा. रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी वापर प्रयोगाच्या पातळीवर आहे, असं आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, आणि प्रयोगात सामील होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

दुसरं मत घेताना पहिल्याचं लपवू नका. "बघू हे काय ओळखतात" अशी परीक्षा घेतली की त्याच तपासण्या पुन्हा होतात, आणि पहिल्या औषधाने झालेला बदल नव्या डॉक्टरला आजार वाटतो. स्टेरॉइड सुरू असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ते अनेक आजारांचं चित्र तात्पुरतं पुसून टाकतं. पहिल्या डॉक्टरांना सरळ सांगा की, दुसरं मत घ्यायचं आहे, सारांश लिहून द्या. नोंदींची लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत नमूद आहे. मागणीच्या पत्राची पोच घ्या. दोन मतं वेगळी पडली तर तिसरं मत मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात घ्या, जिथे अनेक तज्ज्ञ एकत्र बसून फाइल बघतात. लहानपणापासूनचा किंवा घराण्यात चालत आलेला त्रास असेल तर जनुकीय तपासणीबद्दल तिथेच विचारा. मुंबईचं केईएम २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातलं केंद्र आहे.

सगळी मतं झाल्यावर एकच डॉक्टर मुख्य ठरवा. बाकीच्यांचे सल्ले त्यांच्याकडे नेऊन द्यायचे, आणि गोळ्या बदलायच्या त्यांनीच.

## टप्पा ८: निदान होईपर्यंतचे दिवस

फिट किंवा बेशुद्धी झाली असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी चालवू नका, विहीर-तलावात उतरू नका, गॅसपाशी एकट्याने काम करू नका, न्हाणीघराची कडी आतून लावू नका. तळव्यांना कळत नसेल तर अनवाणी फिरू नका, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नका, बादलीतलं पाणी कोपराने तपासा आणि रोज रात्री तळवे आरशात बघा. तोल जात असेल तर न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्रीचा दिवा चालू ठेवा, जिना उतरताना कठडा सोडू नका.

रोज लांबलचक डायरी लिहायची गरज नाही. सतत लक्षणांवरच नजर ठेवली की ती जास्त जाणवतात. दर रविवारी चार ओळी पुरतात: काय वाढलं, काय कमी झालं, किती वेळा पडलो, कुठलं औषध बदललं. त्याच जागी, त्याच कोनातून दहा पावलं चालतानाचं चित्रण महिन्यातून एकदा करून ठेवा. पुढच्या भेटीला फाइल तारखेनुसार लावा, सगळ्यात नवा कागद वर. टप्पा २ मधल्या कागदाखाली नवे बदल लिहून तो पहिल्या पानावर लावा, आणि त्याची एक झेरॉक्स डॉक्टरांच्या केसपेपरला जोडून द्या.